न मोडलेला विक्रम

काही विक्रम मोडण्यासाठी असतात, काही नुसते थक्क होण्यासाठी. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या जुन्या आकड्यांत दुसऱ्या जातीचे विक्रम पुष्कळ आढळतात. चेंडू फेकणाऱ्याला तिथे पिचर म्हणतात. क्रिकेटमध्ये गोलंदाजाला षटक संपल्यावर थोडी उसंत मिळते. पिचर मात्र बदलला जाईपर्यंत एकटाच फेकत राहतो. आज एका सामन्यात तीन-चार पिचर सहज बदलतात. पण १८७९ साली सिनसिनाटीच्या विल व्हाइटने ७५ सामने एकट्याने अथपासून इतिपर्यंत रेटले आणि ६८० डाव चेंडू फेकला. तो आकडा अजून कोणी ओलांडलेला नाही.

तरी मनात घर करून राहतो तो १८८४ सालचा चार्ल्स रॅडबर्न. लोक त्याला ‘ओल्ड हॉस’, म्हणजे म्हातारा घोडा, म्हणत. प्रॉव्हिडन्सच्या संघात प्रमुख पिचर दोन. जुलैत रॅडबर्नला शिस्तीपायी बाजूला बसवले होते, तोच दुसरा भांडून निघून गेला. संघ मोडकळीस आला. तेव्हा रॅडबर्नने उरलेल्या हंगामाचा भार अंगावर घेतला. अट घातली की जास्त पैसे द्या आणि हंगामाअखेर मला मोकळे करा. कारण त्या काळी मालक खेळाडूला पुढच्या वर्षासाठी राखून ठेवू शके. मग त्याला दुसरीकडे जाता येत नसे.

त्याने ७३ सामने शेवटपर्यंत फेकले, ६७८ डाव, आणि संघाला अजिंक्यपद मिळवून दिले. सकाळी केस विंचरायलाही त्याचा हात वर होत नसे, असे सांगतात.

आता याला पराक्रम म्हणावे की पिळवणूक? पराक्रम म्हणावे, तर ज्याला स्वतःची सुटका खांद्याच्या मोलाने विकत घ्यावी लागते, त्याचा सौदा कितपत खुशीचा? पिळवणूक म्हणावी, तर अट त्याने घातली होती, जिद्द त्याची होती. नुसती कीव करणे हाही एक अपमानच. मला वाटते, दोन्ही खरे आहे. जिद्द माणसाची, दोष व्यवस्थेचा; आकडा मात्र दोघांना एकाच रकान्यात बसवतो.

असे विक्रम आता होत नाहीत म्हणून जुने लोक हळहळतात. अंतरही बदलले आहे, हे ते विसरतात: तेव्हाचे ५० फूट १८९३ साली साडेसाठ झाले. आजचा खांदा जपला जातो, तो काही अंशी महाग असतो म्हणूनच. असेना का! दयेने असो वा हिशेबाने, खांदा वाचला हे बरेच झाले. कोणी विक्रम मोडला नाही, यात दरवेळी दुबळेपणा नसतो. कधी कधी तेवढे कोणाकडून मागायचे नाही, एवढे शहाणपण आलेले असते.

रॅडबर्न १८९७ साली वारला, वय ४२. बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात त्याचे नाव लागले १९३९ साली. स्तुती अशीच सावकाश येते. तिला घाई नसते, कारण तिला खर्च नसतो. ‘तो कधी थकतच नाही हो,’ असे आपण ज्याच्याविषयी कौतुकाने म्हणतो, त्याला एकदा जवळ बसवून विचारावे, हात दुखतो का रे? उत्तर ऐकायची तयारी असेल, तरच पुढचे कौतुक करावे.