कोऱ्या रकान्यासकट

आजचं वाचन: मत्तय १:१-१७

खरं सांगा, ही वंशावळ आली की तुम्ही स्क्रोल करून पुढे जाता ना? मीही तेच करायचो.

गेल्या महिन्यात इंग्लंडमधल्या एका सहकाऱ्याने कॉलवर त्याच्या घराण्याचा शोध दाखवला. १५३८ मध्ये थॉमस क्रॉमवेलने तिथल्या प्रत्येक पॅरिशला हुकूम दिला होता: बाप्तिस्मा, लग्न, दफन, सगळं दर आठवड्याला वहीत लिहायचं. सुरुवातीच्या कागदी वह्या बऱ्याच गेल्या. १५९८ मध्ये चर्मपत्रावर नकला करायला लावल्या, म्हणून पुष्कळ काही टिकलं. शेक्सपिअरचा नेमका जन्मदिवस कुणालाच ठाऊक नाही. स्ट्रॅटफर्डच्या वहीत आहे ती २६ एप्रिल १५६४ च्या बाप्तिस्म्याची एक लॅटिन ओळ. त्याच वहीत, तेवढ्याच एका ओळीत, आज कुणी ओळखत नाही अशी पोरंही आहेत.

सहकारी अठराव्या शतकापर्यंत पोचला आणि अडकला. बाळाचं नाव, आईचं नाव, पुढे अनौरस असा शेरा. वडील नाहीत. आमच्या भाषेत नल व्हॅल्यू! "इथे माझी लाइन संपली," तो म्हणाला. आवाज जरा उतरला होता.

मला पणजोबा आठवले. १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनच्या अनाथालयात आलेलं पोर. रजिस्टरमध्ये वडिलांचा रकाना कोरा, आडनाव मिशनने दिलेलं. माझ्या लग्नाच्या बोलणीत कुणी "मूळ गाव कुठलं?" विचारलं की आई चहा आणायला उठते. मी मोबाइल बघतो.

आता मत्तयाकडे या. तो जकातदार, म्हणजे आकड्यांत मुरलेला माणूस. चौदा-चौदा पिढ्यांचा हिशेब बसवताना त्याने काही राजे चक्क गाळलेत, जुन्या करारातल्या यादीशी ताडून बघा. पण तामार ठेवली. राहाब ठेवली. परकी रूथ ठेवली. चौथीचं तर नावही लिहिलं नाही, नुसती उरीयाची बायको, म्हणजे दावीदाचं पाप यादीतच उघडं. राजे गाळले आणि या चौघी नाही गाळल्या! प्रभू येशूच्या घराण्याची ही यादी आहे, मित्रांनो.

सहकाऱ्याला मी एवढंच म्हटलं, "संपली कुठे? आईचं नाव आहे ना तिथे."

रविवारी उपासनेनंतर आईला घेऊन चर्चच्या ऑफिसात जाणार आहे. पणजोबांच्या त्या पानाचा फोटो काढायचाय, कोऱ्या रकान्यासकट. आई अजून हो म्हणालेली नाही. प्रार्थनेत आठवण ठेवा.