सोडायचा मासा, मारायचा मासा

यलोस्टोन तळ्याच्या दक्षिणेकडच्या फाट्यांत अगदी टोकापर्यंत इंजिनाची होडी नेता येत नाही. तिथे हाताने वल्हवायच्या होड्यांनाच परवानगी आहे. अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५७ मीटर उंचीवर हे तळे पसरले आहे. क्षेत्रफळ ३४० चौरस किलोमीटरच्या आसपास, सर्वांत खोल जागी १२० मीटर. डिसेंबरात ते गोठते आणि बर्फ पूर्ण निघायला मे अखेर किंवा जून उजाडतो. उन्हाळ्यातही पाणी इतके गार असते की त्यात पडलेल्या माणसाला वीस-तीस मिनिटांपलीकडे तग धरणे कठीण. दुपारी वारा उठला की लाटा उसळतात, म्हणून जाणती माणसे सकाळी लवकर निघतात आणि काठ सोडत नाहीत. मेफ्लाय नावाचे नाजूक कीटक पाण्यातून वर येऊ लागले की त्यांना टिपायला कटथ्रोट ट्राउट पृष्ठभागाशी येतात. मग वल्हे आडवे ठेवायचे आणि बारीक आकडीवर पिसे व केस बांधून केलेली खोटी माशी, लांब दोरीच्या झोकाने, माशाच्या वाटेवर अलगद उतरवायची. या मासेमारीत वजन गळाला नसते, दोरीला असते. सगळे कसब ती दोरी हवेत उलगडण्यात आहे.

त्या होडीतल्या माणसाला दोन नियम पाळावे लागतात. जबड्याखाली तांबडी रेघ असलेला कटथ्रोट लागला तर त्याला इजा न करता सोडून द्यायचे. गडद अंगावर फिकट ठिपके आणि खोल दुभागलेली शेपटी असलेला लेक ट्राउट लागला तर त्याला मारायचेच. खायचा नसेल तर पोटातली हवेची पिशवी फोडून खोल पाण्यात टाकायचा, पण जिवंत सोडायचा नाही.

गळ तोच, हात तोच. एका जिवाला अभय आणि दुसऱ्याला मरण. दया नेमकी कोणावर करायची, हातात तडफडणाऱ्या एका जिवावर की तो ज्या पाण्यात राहतो त्या साऱ्या पाण्यावर, हा प्रश्न एरवी ग्रंथांत वाचायला मिळतो. इथे तो ओल्या हाताने, काही क्षणांत सोडवावा लागतो.

पहिला नियम वरवर निर्मळ वाटतो. मासा पकडून सोडून देण्याची पद्धत अमेरिकेत रुजवण्यात ली वुल्फ या मच्छीमार लेखकाचा मोठा वाटा आहे. १९३९ सालच्या आपल्या पुस्तकात त्याने तिचा आग्रह धरला. यलोस्टोन उद्यानात १९७३ पासून काही ठिकाणी ती सक्तीची झाली, आणि २००१ पासून उद्यानातला प्रत्येक मूळचा मासा सोडलाच पाहिजे असे ठरले. आकडीला उलटा काटा नको, शिशाची वजने नकोत. याचा परिणामही दिसतो. तळ्यातून निघणाऱ्या यलोस्टोन नदीच्या एका टप्प्यात १९८१ साली झालेल्या अभ्यासात एकेक कटथ्रोट एका हंगामात सरासरी नऊ-दहा वेळा पकडला गेल्याचे आढळले, आणि दर हजार पकडींमागे सुमारे तीनच मासे दगावले. संख्येच्या दृष्टीने हे यश आहे.

पण त्या माशाच्या बाजूने पाहिले तर एकाच उन्हाळ्यात नऊ-दहा वेळा ओठात आकडी रुतणे, ओढले जाणे आणि हवेत धरले जाणे, तेही कोणाचे पोट भरण्यासाठी नव्हे, हे साधे राहत नाही. माशाला वेदना होतात का यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. जेम्स रोज यांनी २००२ मध्ये असे मांडले की जाणिवेसाठी लागणारा मेंदूचा भागच माशांकडे नाही. पुढच्याच वर्षी लिन स्नेडन, व्हिक्टोरिया ब्रेथवेट आणि मायकेल जेंटल यांनी रेनबो ट्राउटवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ओठांत मधमाशीचे विष किंवा सौम्य आम्ल टोचलेले मासे अंग हेलकावू लागले, आम्ल टोचलेल्यांनी तर ओठ तळाच्या खड्यांवर घासले. त्यांचा श्वास वाढला आणि सुमारे तीन तास त्यांनी अन्नाला तोंड लावले नाही. मॉर्फिन दिल्यावर ही लक्षणे कमी झाली. एवढे कळल्यावर संशयाचा फायदा माशाला द्यायला हवा. स्वित्झर्लंडने तो दिला: २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमांनी सोडून देण्याच्याच हेतूने मासे पकडण्यावर बंदी घातली. त्याआधी अर्धे शतक, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारे धर्मोपदेशक आणि स्वतः निष्णात गळकरी ए. ए. लूस यांनी १९५९ च्या ‘फिशिंग अँड थिंकिंग’ या पुस्तकात हीच बाजू घेतली होती. अन्नासाठी मासा धरणे त्यांना समर्थनीय वाटे. निव्वळ खेळासाठी त्याला छळणे वाटत नसे.

लूस यांचे म्हणणे टाळता येत नाही. मासा सोडून दिला म्हणजे हिंसा झालीच नाही, असा जो दिलासा गळकऱ्याला मिळतो तो खोटा आहे. जैन आचार्यांनी हिंसेचा विचार फार बारकाईने केला. उमास्वातींनी हिंसेची व्याख्या केली तेव्हा नुसता प्राणघात पाहिला नाही, तो कोणत्या वृत्तीतून घडला हेही पाहिले. पुढे गृहस्थासाठी हिंसेचे चार प्रकार सांगितले गेले: ठरवून केलेली संकल्पी, घरकामात घडणारी आरंभी, उपजीविकेत घडणारी उद्योगी आणि रक्षणासाठी करावी लागणारी विरोधी. बाकीच्या तीन गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाहीत. संकल्पी मात्र त्याने सोडलीच पाहिजे. करमणुकीसाठी आकडी टाकणे कोणत्या खणात बसते हे सांगण्याची गरज नाही.

मग मारण्याचा दुसरा नियम? तो समजायला १८९० सालापर्यंत मागे जावे लागते. यलोस्टोन उद्यानातल्या पाण्याचा सुमारे ४० टक्के भाग त्या काळी मत्स्यहीन होता, कारण धबधब्यांनी माशांची वाट अडवली होती. शोशोनी आणि लुइस ही दोन सुंदर तळी अशीच रिकामी होती. शोशोनीपर्यंत आजही रस्ता नाही. लुइस तळे वल्हवत ओलांडायचे, दोघांना जोडणाऱ्या प्रवाहात शिरायचे आणि शेवटी पाण्यात उतरून होडी ओढत न्यायची, अशी तिकडची वाट आहे. उद्यानाचे त्या वेळचे प्रमुख कॅप्टन फ्रेझर बूटेल यांना ही रिकामी तळी पाहून हळहळ वाटली आणि त्यांनी सरकारी मत्स्य आयोगाकडे मासे मागितले. १८९० मध्ये मिशिगन सरोवरातले लेक ट्राउट या दोन तळ्यांत सोडण्यात आले. हेतूत काही वाईट नव्हते. येणाऱ्यांना मासे मिळावेत, एवढीच इच्छा होती.

शंभर वर्षांनी, १९९४ च्या उन्हाळ्यात, यलोस्टोन तळ्यात एका गळकऱ्याला लेक ट्राउट सापडला. लुइसचे पाणी पॅसिफिककडे जाते आणि यलोस्टोनचे अटलांटिककडे, त्यामुळे मासे आपले आपण पोहत आले असे मानणे अवघड. माशांच्या कानातल्या हाडांचे रासायनिक परीक्षण लुइस तळ्याकडेच बोट दाखवते. कोणीतरी ते आणून सोडले असावेत. मोठा लेक ट्राउट वर्षाला चाळीसेक कटथ्रोट गिळतो असा उद्यानाचा अंदाज आहे. क्लिअर क्रीक या ओढ्यात १९७८ मध्ये अंडी घालायला ७० हजारांहून अधिक कटथ्रोट चढले होते; २००७ पर्यंत ही संख्या पाचशेच्या आसपास आली.

नुकसान माशांपुरते थांबले नाही. कटथ्रोट वसंतात उथळ ओढ्यांत चढतो, म्हणून तो ग्रिझली अस्वलांना, पाणमांजरांना आणि मासे टिपणाऱ्या ऑस्प्रे पक्ष्यांना मिळतो. लेक ट्राउट खोल पाण्यात राहतो आणि अंडीही तळ्यातच घालतो. तो या कोणाच्याही तोंडी लागत नाही. ओढे रिकामे झाले तशी अस्वले एल्क हरणांच्या नवजात पाडसांकडे अधिक वळल्याचे संशोधकांनी नोंदवले. कोणीतरी एक बादली ओतली असावी आणि दूरच्या कुरणात अधिक पाडसे मरू लागली. कर्मफळाची इतकी लांब आणि इतकी उघडी साखळी क्वचितच पाहायला मिळते.

तळ्यात लेक ट्राउट सापडल्यापासून उद्यान जाळी टाकत आहे. आजवर ४० लाखांहून अधिक लेक ट्राउट मारले गेले. मेलेल्या माशांतले सत्त्व तळ्यातच राहावे म्हणून ते पाण्यात परत टाकले जातात; अंडी घालण्याच्या जागी कुजणारे सेंद्रिय पदार्थ पसरून, तिथला प्राणवायू कमी करून अंडीही मारली जातात. कटथ्रोट हळूहळू सावरतो आहे, पण जाळी थांबवली तर सगळे पुन्हा बिघडेल.

एक जीव की सारा समुदाय, या प्रश्नावर अमेरिकी तत्त्वचिंतकांत तीव्र फूट आहे. आल्डो लिओपोल्डचा ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ १९४९ मध्ये निघाला. माती, पाणी, वनस्पती आणि प्राणी यांचा जो समुदाय, त्याचे हित हीच नीतीची कसोटी, असे त्याने मांडले. त्याच्या वाटेने गेले तर लेक ट्राउट मारणे हे कर्तव्य ठरते. टॉम रेगन यांनी १९८३ मध्ये याला पर्यावरणीय फॅसिझम म्हटले: समुदायाच्या भल्यासाठी एका निरपराध जिवाचा बळी देणे माणसाच्या बाबतीत चालत नसेल तर प्राण्याच्या बाबतीत का चालावे? रेगन यांच्या कसोटीने पाहिले तर लेक ट्राउट निरपराध आहे, हे शंभर टक्के खरे आहे. मिशिगन सरोवरात हीच जात मूळची. तिथे ती जवळजवळ संपली तेव्हा तिला पुन्हा वसवायला लुइस तळ्यातल्या वंशाचाही उपयोग करण्यात आला. एका सरोवरात ज्याला जपून वाढवायचे, दुसऱ्या तळ्यात त्यालाच जाळ्यात धरायचे. फरक माशात नाही, जागेत आहे, आणि ती जागा माणसाने बदलली.

या कोंडीतून वाट दाखवणारा वाद आपल्याकडे १९२६ साली अहमदाबादेत झडला होता. एका गिरणीमालकाने आपल्या आवारातली साठेक भटकी कुत्री पिसाळण्याच्या भीतीने मारवली. शहरात संताप उसळला आणि लोकांनी गांधीजींकडे दाद मागितली. अनेकांना धक्का बसला, कारण गांधीजींनी मालकाची बाजू घेतली आणि ‘यंग इंडिया’त त्यावर लेखमालाच लिहिली. मारणे ही हिंसाच आहे, हे त्यांनी कधी नाकारले नाही. पण दोष त्यांनी त्या समाजावर ठेवला जो रस्त्यावरच्या कुत्र्यांपुढे तुकडा टाकतो, पुण्य पदरात पडल्याचे समाधान मानतो आणि त्या जिवाची जबाबदारी घेत नाही. दोन वर्षांनी आश्रमातल्या असह्य वेदना भोगणाऱ्या वासराला त्यांनी विषाची सुई टोचवली, तेव्हाही टीका झाली आणि तेव्हाही त्यांनी हात झटकले नाहीत.

बूटेलची हळहळ आणि अहमदाबादचा तुकडा यांचे नाते जवळचे आहे. परिणामांकडे पाठ फिरवलेली दया दोन्हीकडे आहे. चिनी आणि तिबेटी बौद्ध परंपरेत प्राणी विकत घेऊन मुक्त करण्याचे मोठे पुण्य मानले जाते. २०१५ मध्ये इंग्लंडच्या ब्रायटनजवळ अशाच एका विधीत अमेरिकी लॉब्स्टर आणि खेकडे शेकड्यांनी समुद्रात सोडले गेले. तिथल्या मूळच्या जीवांना धोका झाला म्हणून २०१७ मध्ये न्यायालयाने सोडणाऱ्यांना दंड केला. श्रद्धा खरी होती, पण पाण्याची विचारपूस झाली नव्हती. याउलट महाड तालुक्यात, काळ नदीच्या वाळणकोंडीत, वरदायिनी देवीचे म्हणून जे मासे राखले जातात ते त्याच नदीचे आहेत. तिथे श्रद्धेने बाहेरून काही आणले नाही. फक्त माणसाचा हात आवरला.

यलोस्टोनचे जाळे विरोधी हिंसेच्या खणात बसते, पण सहजपणे नव्हे. ज्याच्यापासून रक्षण करायचे तो शत्रू आपणच आणून सोडला आहे. म्हणून हे मारणे आवश्यक मानावे आणि तरीही ते मारणेच मानावे. सरकारी कागदांत त्याला निर्मूलन, नियंत्रण, व्यवस्थापन अशी नावे मिळतात, आणि त्यांआड चाळीस लाख जीव दिसेनासे होतात. हौशी गळकऱ्याला गळाला लागलेला लेक ट्राउट स्वतःच्या हाताने मारायला लावणारा नियम या दृष्टीने अधिक प्रामाणिक आहे. जुन्या चुकीची किंमत त्याच्या बोटांना कळते. तो मासा घरी नेऊन खाल्ला तर लूस यांचीही हरकत उरत नाही. कटथ्रोटवर मात्र त्याने माशी टाकावी का, याचे उत्तर इतके सोपे नाही. परवान्याचे पैसे, काठावरची नजर, नदीसाठी भांडणारी माणसे, हे सारे या छंदातूनच येते. तरीही दिवसात एक-दोन मासे पुरे, पुढचा वेळ नुसते वल्हवावे, एवढी मर्यादा स्वतःवर घालून घेणे कोणालाही जड जाऊ नये.

लुइस आणि शोशोनी तळ्यांत लेक ट्राउट आजही आहेत. सव्वाशेहून अधिक वर्षांत त्यांच्या कितीतरी पिढ्या तिथे झाल्या. मूळचे नाहीत म्हणून त्यांनाही संपवावे, असे शुद्धतेच्या हिशेबाने म्हणता येईल. पण त्या तळ्यांत आधी मासेच नव्हते. यलोस्टोनमधल्या कटथ्रोटसारखा तिथे कोणी मूळचा मासा त्यांच्या तोंडी जात नाही आणि कोणाचा ओढा त्यांच्यामुळे रिकामा होत नाही. मारण्याचे कारण जर झालेली हानी भरून काढणे हे असेल, माशाचे परकेपण हे नसेल, तर या दोन तळ्यांत त्यांना जाळ्याबाहेर राहू द्यावे आणि त्यांतला एकही मासा बादलीत घालून जलविभाजकापलीकडे जाणार नाही यावर पहारा ठेवावा.