चवीचे ऋण

मोल दिले म्हणजे ऋण फिटले, असे व्यवहार मानतो; नीतीला ते सर्वस्वी मान्य होईल असे नाही. सिसिली बेटावरील पालेर्मो नगरात वाटाड्याबरोबर पायी हिंडत खाद्यपेयांचा आस्वाद घेण्याच्या सहली निघतात. बाल्लारोच्या जुन्या बाजारात हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या मिळतात, मार्सालाचे मद्य मिळते, आणि 'सार्दे आ बेक्काफिको'ही मिळते. अंजिरांवर पोसलेले लहान पक्षी हे उमरावांचे पक्वान्न. गरिबांना ते कोठून परवडणार? त्यांनी तारल्यांत पावाचा चुरा व बेदाणे भरले, शेपट्या वर राहतील अशा त्या रचल्या आणि पक्ष्यांची हौस मासळीवर भागविली. आज सधन प्रवासी तीच नक्कल दाम मोजून खातो. यात अपराध नाही. विकणाऱ्याची चूलही त्यावरच पेटते. परंतु दाम पदार्थाचा होतो. ज्या उणिवेतून तो जन्मला, तिचा होत नाही. वाटाड्या ही कथा सांगू लागला असता पेला खाली ठेवून ती ऐकावी, एवढे तरी खाणाऱ्याकडून घडावे. बदलीच्या गावी परक्यांच्या पंक्तीला बसणाऱ्या आपणांसही हे ऋण चुकलेले नाही.