लाजेची राखण

दिवाळी अंक घरात आला म्हणजे तो आधी कोणी वाचायचा यावरून आमच्याकडे अजून भांडण होते. आजीपासून नातीपर्यंत सगळे तो चाळणार, चाळताना चकलीचे तेल पानांना लागणार, हे ठाऊक असूनही मी आज जो विषय घेतला आहे तो फराळाच्या ताटाशेजारी शोभणारा नाही. विषय शौचाचा आहे, एनिम्याचा आहे, आतड्याच्या तपासणीचा आहे. वाचकांनी नाक मुरडण्यापूर्वी एवढेच ऐकावे, की हाच विषय मी एकदा फराळाच्या ताटावरून हाकलून दिला होता आणि त्याची किंमत माझ्या वडिलांनी मोजली.

२००३ सालची भाऊबीज. माझे नुकतेच लग्न झालेले. दोन्ही जावई पाटावर बसलेले, आई वाढते आहे, आणि अण्णांनी हातातली चकली तशीच ताटात ठेवली. म्हणाले, “हल्ली शौचाला बसलो की जरा—”

“अण्णा, फराळाच्या वेळी कसले विषय काढता!” मी म्हणाले. नव्या जावयासमोर वडिलांनी असे काही बोलावे याची मला लाज वाटली. सगळे हसले. अण्णाही हसले. अण्णा म्हणजे खेड्यातले निवृत्त पोस्टमास्तर; दुसऱ्याचे पत्र उघडू नये आणि आपले दुःख उघडे करू नये, असे त्यांचे आयुष्यभराचे वळण. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. सात महिन्यांनी, ज्येष्ठात, ते अंगणात भोवळ येऊन पडले. डॉक्टरांनी डोळ्याची पापणी खाली ओढली, तर आतला भाग कागदासारखा पांढरा. रोज शौचातून रक्त जात होते आणि घरात कोणालाही त्याचा पत्ता नव्हता.

शहरातल्या मोठ्या रुग्णालयात दुर्बिणीने तपासणी झाली. पण आतड्याच्या एका अरुंद जागेपाशी दुर्बीण अडली. पुढचा भाग पाहण्यासाठी बेरियम एनिमा करायचे ठरले. मी मॅट्रिकच्या पुढे गेले नाही, शिकवते तीही बालवाडी. तरी तिथल्या डॉक्टरांनी मला हे नीट समजावून सांगितले. बेरियम सल्फेट ही खडूसारखी पांढरी भुकटी. बेरियमचे पाण्यात विरघळणारे क्षार विषारी असतात. हा मात्र विरघळत नाही, म्हणून शरीरात मुरत नाही, आला तसा बाहेर जातो. क्ष-किरण त्यातून सहज आरपार जात नाहीत. रंटगेनने १८९५ साली हे किरण शोधले तेव्हा हाताची हाडे दिसली, पण आतड्यासारखा मऊ अवयव नीट दिसेना. तो दिसावा म्हणून त्याच्या पोकळीत हे पांढरे पाणी भरायची युक्ती पुढे निघाली. सुमारे दीड मीटर लांबीचे मोठे आतडे त्या पाण्याने रेखाटले जाते आणि त्यात कुठे गाठ असली तर तेवढी जागा रिकामी दिसते.

युक्ती खरोखर सुंदर आहे. पण ज्याच्या शरीरात ती वापरायची त्याला आदल्या दिवशी पातळ अन्नावर राहावे लागते, जुलाब घ्यावे लागतात, आणि मग परक्या माणसांसमोर उघडे होऊन निजावे लागते.

आदल्या संध्याकाळी आम्ही ज्या दालनात होतो तिथे एकाने दारातूनच हाक दिली, “एनिमावाले म्हातारे कोण?” वीस खाटांवरच्या माना वळल्या. अण्णांनी चादर गळ्यापर्यंत ओढली. मधे पडदा होता, तो कोणी ओढला नाही. “वळा. पाय वर घ्या. अहो, लाजताय काय एवढं, आम्हाला रोजचंच आहे.” मला सर्वांत जास्त हे शेवटचे वाक्य लागले. ते खोटे नव्हते. त्या माणसाला ते रोजचेच होते. पण अण्णांच्या बहात्तर वर्षांत तो पहिला दिवस होता. रात्री अण्णा मला म्हणाले, “ताई, घरी जाऊ. जे व्हायचं ते होऊ दे.”

इथे प्रश्न उभा राहतो. जीव वाचवायचा असेल तर लाज बाजूला ठेवायला नको का? वैद्याने रोग्याच्या संकोचाकडे पाहायचे की रोगाकडे? शहाणी माणसे म्हणतील, शरीर हे यंत्र आहे, त्याची कसली लाज! आणि या म्हणण्यात तथ्य नाही असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? लाजेनेच तर अण्णांचे सात महिने खाल्ले. डॉक्टर म्हणाले होते, “थोडं आधी आला असतात तर बरं झालं असतं.” लाज माणसे मारते, हे मी घरात पाहिले आहे.

पण दुसरी बाजूही माझ्या रोजच्या कामात आहे. बालवाडीत एखाद्या पोराची चड्डी खराब झाली तर मी त्याला मोरीवर नेते, धुते, कोरडी चड्डी घालते. ते पोर तेवढ्यात मला चिमणीची गोष्ट सांगत असते. तीन वर्षांच्या मुलाला लाज नसते. पाच वर्षांच्या मुलाला असते. ते कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे राहते. तेव्हा मी मोठ्याने नाव घेऊन विचारले, तर ते दुसऱ्या दिवशी शाळेत येत नाही. लाज ही वेडगळ सवय असती तर वाढत्या वयाबरोबर गळून पडली असती; ती उलट वयाबरोबर पक्की होते. आपले म्हणून काही आहे, ते कोणाला दाखवायचे हे मी ठरवीन, असे ज्या दिवशी मुलाला कळते त्या दिवशी त्याला लाज येते. म्हणजे लाज ही माणसाच्या स्वत्वाची पहिली खूण झाली. ती हिसकावून घेऊन माणसाला बरे करणे म्हणजे घर वाचवताना घरमालकाला बाहेर ढकलण्यासारखे आहे.

मग यातून वाट कोणती? ती मला दुसऱ्या दिवशी सकाळी क्ष-किरणाच्या खोलीत दिसली.

अण्णांना ऐकू कमी येई, म्हणून सोबतीला मला आत घेतले आणि अंगावर शिशाचा जड एप्रन चढवला. तिथला तंत्रज्ञ तिशीतला मुलगा होता. त्याने आधी दार लावले, मग बोलायला सुरुवात केली. “आजोबा, संडास या दाराच्या मागं आहे, चार पावलांवर. आधी बघून घ्या.” अण्णा पाहून आले. मग त्याने अंगावर चादर टाकली आणि चादरीखालूनच कपडे सारायला लावले. डाव्या कुशीवर निजवले. प्रत्येक गोष्ट करण्याआधी तो ती सांगत होता. “आता थंड लागेल. आता नळी. तोंडानं सावकाश श्वास सोडा. दुखलं तर हात वर करा, मी थांबतो.” पिशवीतले पाणी हळूहळू उतरू लागले तेव्हा म्हणाला, “आता वाटेल की आवरणार नाही. तसं सगळ्यांनाच वाटतं. आणि नाहीच आवरलं तरी काही बिघडत नाही.”

यात एकही शब्द फार गोड नव्हता. मला वाटते, त्याने अण्णांना लाज सोडायला सांगितले नाही; ती त्याने स्वतःकडे सांभाळायला घेतली. दाराची कडी, चादर, संडासाची चार पावले, हात वर करण्याची मुभा, ही सगळी त्या लाजेची राखण होती. आपली वस्तू कोणी नीट राखतो आहे असे दिसले म्हणजे माणूस ती घटकाभर हातातून खाली ठेवू शकतो. अण्णांनी ती ठेवली.

आपल्या वैद्यकाला बस्ती नवी नाही. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात तिला अर्धी चिकित्सा म्हटले आहे आणि रोग्याला डाव्या कुशीवर निजवायलाही सांगितले आहे. क्ष-किरणाच्या टेबलावरही अण्णा त्याच कुशीवर निजले होते. इतक्या शतकांत शरीर बदलले नाही, तर लाज तरी कशी बदलेल?

शेवटी टेबल तिरपे करताना नको ते घडले. पांढरे पाणी चादरीवर, टेबलावर, फरशीवर. अण्णांनी डोळ्यांवर हात घेतला. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिले नव्हते. तिथल्या मावशी फडके घेऊन पुढे आल्या आणि म्हणाल्या, “आजोबा, औषध सांडलं हो आमचं. आमच्या पिशवीतलंच आहे.”

मी पुष्कळदा विचार केला आहे, हे खोटे होते का? मावशींना ठाऊक होते, अण्णांनाही ठाऊक होते. ज्याला फसवायचे त्यालाच सत्य माहीत असेल तर ते फसवणे कसले? पाणी त्यांच्याच पिशवीतले होते, हेही खरे. मावशींनी त्या घटनेची अनेक खरी नावे असताना त्यातले अण्णांना सोसवेल ते नाव निवडले. नीतीच्या पुस्तकात सत्य बोलावे असे असते. अनेक सत्यांतून कोणते आधी बोलावे, हे मला त्या बाईने शिकवले.

आणि ही बाई कोण? रुग्णालयाच्या उतरंडीत सर्वांत खालच्या पायरीवरची. मैला उचलणारे हात आपण नेहमीच खालच्या पायरीवर ठेवले. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम मागितले आणि ते मिळावे म्हणून उपवास केला. येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी त्यांना साथ दिली. मला ही गोष्ट शाळेत त्यागाची म्हणून कळली होती. त्या खोलीत ती वेगळी कळली. जे काम करताना माणसाची सगळी अब्रू आपल्या हातात येते, ते काम हलके कसे? खरे तर त्याच्याइतके जोखमीचे दुसरे काम नसेल.

अण्णांच्या आतड्यात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, आणि पुढे ते आणखी तीन दिवाळ्या जगले. निघण्याच्या दिवशी त्यांनी मावशींचे नाव आणि पत्ता विचारून घेतला. त्या वर्षी भाऊबीजेच्या आठवडाभर आधी ते पोस्टात गेले आणि एक्कावन्न रुपयांची मनीऑर्डर केली. कुपनावर एकच शब्द लिहिला: ओवाळणी. तीन वर्षे तीन मनीऑर्डरी गेल्या. त्या पोचल्याच्या सहीच्या पावत्या त्यांच्या पेटीत नीट घडी घालून ठेवलेल्या सापडल्या.

आता बेरियम एनिमा फारसा होत नाही. दुर्बिणी सुधारल्या, सीटी स्कॅनवर आतड्याचे चित्र उमटते, शौचातले डोळ्यांना न दिसणारे रक्तही साध्या चाचणीने कळते. पण आतडे साफ करावेच लागते, उघडे व्हावेच लागते, आणि त्याआधी कोणाजवळ तरी तोंड उघडावे लागते. पहिली दोन कामे रुग्णालयाची. तिसरे घराचे आहे, आणि तिथेच मी चुकले. राखण करायची पाळी आधी माझी होती. नव्या जावयासमोर माझी अब्रू राखण्याच्या नादात मी अण्णांची राखली नाही. त्यांना म्हणता आले असते, “अण्णा, जेवण झालं की परसात बसू, तिथं सांगा.” वाक्य एवढेच होते.

नरकचतुर्दशीला पहाटे अंगाला तेल लावताना आपल्या हातांना घरातल्या लेकराचे सगळे अंग माहीत असते. कुठे खरचटले, कुठे सुजले, सगळे. म्हाताऱ्यांच्या अंगाला कोणी हात लावत नाही. त्यांचे काय दुखते ते त्यांनी सांगितले तरच कळते, आणि ते एकदाच सांगतात. या दिवाळीत तुमच्या घरी कोणी हातातली चकली तशीच ताटात ठेवली, तर हसू नका. ताटे उचलली गेली की त्यांच्याजवळ जाऊन बसा.