हाताला कळते ते ज्ञान: डिझाइनची डॉक्टरेट आणि कोहमाऱ्याजवळचा तलाव

वीस-पंचवीस वर्षे मुरलेला डिझायनर किंवा वास्तुविशारद स्वतःच्याच कामावर डॉक्टरेट करायला बसतो, तेव्हा तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. जे उत्तम करता येते पण नीट सांगता येत नाही, त्याला ज्ञान म्हणावे का? म्हणावे, तर ते कामातच पूर्ण झालेले आहे. प्रबंधाने त्यात काय भर पडणार? आणि म्हणू नये, तर इतकी वर्षे काम बरोबर कसे येत गेले?

नेहमीची पीएच.डी. संशोधक तयार करते. व्यावसायिक डॉक्टरेट तयार माणसाला त्याच्या कामातच संशोधन करायला लावते. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठात लिऑन व्हॅन शाइक यांनी 1987 पासून नावाजलेल्या वास्तुविशारदांना बोलावून त्यांच्याच इमारतींची चिकित्सा त्यांच्याकडून करवून घेतली. तो प्रघात पुढे डॉक्टरेटपर्यंत गेला. ब्रिटनमध्ये ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी 1993 मध्ये कलेविषयीचे, कलेसाठीचे आणि कलेतून होणारे संशोधन असे तीन प्रकार मांडले, त्यातल्या तिसऱ्यावरून अजूनही वाद होतात. भारतात असा माणूस बहुधा पीएच.डी.च करतो. आयआयटी मुंबईत 1969 साली सुरू झालेल्या आयडीसीमध्ये डिझाइनची पीएच.डी. करता येते, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनी नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करण्याची वाट मोकळी ठेवली आहे.

पदवीचा तपशील एवढा पुरे. प्रश्न किती खोल आहे हे पाहायचे तर गोंदिया जिल्ह्यात जावे लागते. सडक अर्जुनी तालुक्यातले कोहमारा हे मुंबई-कोलकाता महामार्गावरचे गाव. तिथून दक्षिणेला अर्जुनी-मोरगावकडे निघाले की नवेगावबांधचा तलाव लागतो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, अशी परंपरा आहे. पाणी सुमारे अकरा चौरस किलोमीटर पसरलेले. भोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. त्यांनी बांधकामाला हातभार लावला, असे लोक मानतात. त्यातल्याच एका शिखरावर कोलासुर देवाचे ठाणे आहे, आणि हा देव म्हणजे खुद्द कोलू पाटील.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यातले हजारो तलाव आणि बोड्या, म्हणजे छोटे तलाव, गोंड राजवटीत आणि पुढे मालगुजारीच्या म्हणजे जमीनदारीच्या काळात बांधल्या गेल्या. त्यात कोहळी समाजाचा वाटा मोठा. दोन टेकड्यांच्या मध्ये पाळ कुठे घातली म्हणजे थोड्या मातीत जास्त पाणी अडते, सांडवा कोणत्या अंगाला काढला म्हणजे पुराचे पाणी पाळ न फोडता वळसा घेऊन जाते, वरच्या तलावाचे ओसंडलेले पाणी खालच्या बोडीत कसे उतरवायचे, हे सगळे ठरवणारी माणसे आजच्या भाषेत डिझायनरच होती. त्यांचा प्रबंध नाही. समाजाने त्यांच्यातल्या एकाला देव केले, आणि कोणत्याही विद्यापीठाला देता येईल त्याहून हा मान मोठा आहे.

न्यायदर्शनाने ज्ञानाच्या खरेपणाची जी कसोटी सांगितली, ती इथे चपखल बसते. समोर पाणी दिसले. ते खरोखर पाणी की मृगजळ, हे त्या दिसण्यातूनच ठरत नाही. माणूस तिथे जातो, पितो, तहान भागते, आणि कृती सफल झाल्यावरून आधीचे ज्ञान खरे होते असे अनुमान निघते. नवेगावबांधचे पाणी तीन शतके टिकले, म्हणजे बांधणाऱ्याला कळत होते यात शंका उरत नाही. मात्र या अनुमानाची धाव तिथेच संपते. त्याला कळत होते एवढे तलाव सिद्ध करतो. काय कळत होते, ते तलाव सांगत नाही. देवत्वानेही ऋण जपले, रीत जपली नाही. व्यावसायिकाच्या डॉक्टरेटचे खरे काम या उरलेल्या जागेत आहे. आपले काम चांगले आहे हे सिद्ध करण्यासाठी प्रबंध लिहिणे व्यर्थच. ते इमारतीने, खुर्चीने किंवा अक्षराने आधीच केलेले असते.

यावर व्यावसायिकाचे ठरलेले उत्तर असते: माझे काम स्वतःच बोलते. हा पक्ष तसा प्रतिष्ठित आहे. प्रभाकर मीमांसकांच्या मते प्रत्येक ज्ञान स्वयंप्रकाश असते; विषय, ज्ञाता आणि स्वतः ज्ञान ही तिन्ही एकाच वेळी उजळतात. न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणजे नैयायिक, ते मानत नाहीत. ‘हा घट’ हे पहिले ज्ञान, आणि ‘मला घट कळला’ हे त्यावर उमटणारे दुसरे. त्याला ते अनुव्यवसाय म्हणतात. आधुनिक काळात गिल्बर्ट राइल यांनी 1949 मध्ये करता येणे आणि माहीत असणे यांत भेद केला. कृती हुशारीने होण्यासाठी आधी मनात नियम म्हणावे लागत नाहीत, हे त्यांनी पटवून दिले. मायकेल पोलान्यी 1966 मध्ये त्यापुढे गेले: माणसाला सांगता येते त्याहून अधिक कळत असते. या दोघांचे म्हणणे खरे धरले तरी नैयायिकांचा मुद्दा ढळत नाही. पहिले ज्ञान अस्सल असू शकते, आणि तरीही दुसरे घडायचे बाकी असू शकते.

ते घडले नाही तर काय होते, हे याच तलावांवर दिसले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. जुनी सत्ता जाणे न्याय्यच होते. पण तलाव राखण्याची समज दरवर्षीच्या डागडुजीत, गाळ काढण्यात, पाणी वाटण्यात नांदत होती. काम हातचे गेले तशी तीही विरत गेली. करण्यातच राहणारे ज्ञान करणे थांबले की सोबत जाते.

सांगण्याची परंपरा मराठीत नव्हती असे नाही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसे वळवावे, ओळी कशा राखाव्यात, भोवती जागा किती सोडावी, बरू आणि शाई कशी असावी, हे समर्थ रामदासांनी परमार्थाच्या ग्रंथात मांडले. तो समास वाचून कोणाचे अक्षर सुधारत नाही. वाचणाऱ्याला हात चालवावाच लागतो. पण आपण कुठे चुकतो, हे त्याला गुरूवाचूनही कळू लागते.

मध्यवय या कामाला योग्य का, तेही यातून उमगते. दुसरे ज्ञान पहिल्यावरच उमटते. नवशिक्याकडे मागे वळून पाहण्याजोगे काही नसते. फार उशीर झाला की निर्णय इतके अंगवळणी पडतात की त्यांची कारणे सापडत नाहीत. मध्यवयातही एक मोठा धोका आहेच. कारण आठवत नाही तिथे मन ते रचते, आणि रचलेले कारण खऱ्यापेक्षा अधिक सुसंगत दिसते. म्हणून अशा प्रबंधात टाकून दिलेले आराखडे, त्या वेळच्या नोंदी, ग्राहकाशी झालेला पत्रव्यवहार यांना पुढच्या काळातल्या आठवणीपेक्षा जास्त वजन द्यावे लागते. परीक्षकही त्यासाठीच हवा. न्यायशास्त्राने चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे भेद केले: वादात सत्य हवे असते, जल्पात विजय, वितंडेत समोरच्याचे फक्त खंडन. मौखिक परीक्षेत अनुभवी उमेदवार सवयीने जल्पाकडे वळतो, कारण ग्राहकासमोर त्याने आयुष्यभर तेच केलेले असते.

शेवटचा प्रश्न ज्ञाता कोण, हा. डॉक्टरेट एका नावाने मिळते. तलावाची समज एका नावाची कधीच नव्हती. पाळ कोहळ्यांनी घातली, तर पाण्यातल्या वनस्पती आणि मासे मासेमार ढिवर समाजाने ओळखले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या सोबतीने तलाव सावरायला घेतले, तेव्हा बेशरम ही माजलेली वनस्पती उपटून, उन्हाळ्यात तळ नांगरून, पावसाळ्यात मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या गेल्या, आणि कोणता मासा कशात राहतो याच्या नोंदी झाल्या. कृतीतून संशोधन म्हणतात ते हेच, आणि त्याचे ज्ञाते अनेक आहेत. उद्या एखादा डिझायनर या तलावांवर काम करून डॉक्टरेट मागेल, तेव्हा स्वतःचे योगदान आणि ढिवरांकडून घेतलेले ज्ञान यांची सीमा त्याला प्रबंधातच आखून द्यावी लागेल, आणि निष्कर्ष त्या भागातल्या झाडीबोलीत त्यांच्यापुढे मांडून त्यांची हरकत ऐकावी लागेल. परीक्षक मंडळात त्यांना जागा देण्याची सोय आजच्या नियमांत नाही. ती करायला हवी.