मैदान कोणाचें?

एखादी गोष्ट नाहींशी झाल्यावर तिच्याविषयीं हळहळण्याचा अधिकार कोणास असतो, हा प्रश्न प्रथमदर्शनीं रिकामटेकडा वाटेल. हळहळ ही फुकटची चीज. तिला परवाना कशाला, असें कोणीहि म्हणेल. परंतु हळहळीच्या पोटांत बहुधा एक तक्रार दडलेली असते, आणि तक्रार म्हटली कीं हक्काची भाषा आलीच. अमुक मैदान गेलें याचें मला दुःख होतें, असें म्हणतांना ‘तें कोणीं तरी घालविलें आणि तसें करण्याचा त्याला अधिकार नव्हता’ हें दुसरें वाक्य आपण न उच्चारतां म्हणत असतों. या दुसऱ्या वाक्याशीं माझा झगडा पुष्कळ दिवस चालू आहे.

मुंबईस कॉलेजांत असतां मला कूपरेजच्या मैदानाचा नाद लागला. अंजूरहून एस. टी.नें ठाणें, तेथून लोकलनें बोरीबंदर आणि पुढें पायीं, असा तो प्रवास. रोव्हर्स चषकाचे सामने म्हणजे तेव्हां मोठी पर्वणी. ही स्पर्धा १८९१ सालीं सुरू झाली आणि पहिला चषक वूस्टरशर पलटणीनें नेला. पुढें कित्येक वर्षें ती गोऱ्या पलटणींचीच मिरासदारी होती. १९२३ सालीं मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोंचून डरहॅम पलटणीकडून हरला; १९३७ सालीं बंगलोर मुस्लिम्स या संघानें तो चषक प्रथमच एतद्देशीयांच्या हातीं आणला. १९५० पासून लागोपाठ पांच वर्षें हैदराबाद सिटी पोलिसांनीं तो दुसऱ्या कोणास मिळूं दिला नाहीं. हा सारा इतिहास मीं पुस्तकांतून नव्हे, तर शेजारीं बसणाऱ्या वृद्धांच्या तोंडून ऐकला. त्यांतील एक गृहस्थ १९३७ चा सामना गोल-गोल वर्णन करून सांगत; हिशेब केल्यास त्या वेळीं त्यांचें वय जेमतेम चार वर्षांचें भरे. पण त्यांस खोटें म्हणण्याचें धाडस आमच्यांत कोणासहि झालें नाहीं, आणि आतां तें ऐकलेलें मीहि पाहिल्यासारखें सांगूं लागलों आहें.

२०००-०१ ची रोव्हर्स स्पर्धा शेवटची ठरली. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा संघ २००५-०६ सालीं राष्ट्रीय लीगचा विजेता होता. तो २०१० सालीं बंद झाला. त्या दिवशीं कॉलेजच्या शिक्षककक्षांत मीं मोठें तावातावानें भाषण केलें. ज्या संघासाठीं हजारों लोकांनीं घसे कोरडे केले, तो चार माणसांनीं टेबलाभोंवतीं बसून कसा मोडावा? कागदावर संघ त्यांचा असेल, पण प्रेम तर आमचें होतें! स्कॉटलंडांतील थर्ड लॅनार्क क्लबाचा दाखलाहि मीं दिला. हा क्लब १८७२ सालीं स्वयंसैनिकांच्या एका तुकडींतून निघाला, १९०४ सालीं लीग जिंकला आणि १९६७ सालीं दिवाळें निघून संपला. पण ग्लासगो शहरांतील त्याचें कॅथकिन पार्क हें मैदान नगरपालिकेनें सार्वजनिक उद्यान म्हणून राखलें. प्रेक्षकांच्या पायऱ्या अजून तेथें आहेत; त्यांच्यामधून झाडें वाढलीं आहेत आणि खालीं मुलें खेळतात. क्लब गेला तरी पायांखालची जमीन तरी लोकांची राहिली, असें मीं त्या दिवशीं ठासून सांगितलें.

भाषण संपवून चहाचा पेला उचलला, आणि आपलाच हात पाहून मी ओशाळलों. याच हातानें चार वर्षांपूर्वीं, २००६ सालीं, मीं अंजूरच्या आमच्या शेताच्या खरेदीखतावर सही केली होती.

आमचें तें शेत भाताचें. कार्तिकांत कापणी आटोपली कीं गांवचीं मुलें वडिलांकडे येत. “काका, यंदा खेळूं का?” असें विचारीत. “धसकटें मोडा, पण बांध मोडूं नका,” एवढीच वडिलांची अट. मग आठवडाभर मुलें ढेकळें फोडीत, धसकटें उपटीत, दोन्ही टोकांस बांबू पुरीत. आणि पाऊस पडेपर्यंत तेथें चेंडू थांबत नसे. मीहि त्यांतलाच एक. वडील वारल्यावर भातशेतींतून घरखर्च निघेना, भावाच्या मुलांचीं शिक्षणें व्हावयाचीं होतीं, आणि भिवंडीच्या आसपास गोदामांसाठीं जमिनीस भाव आलेला. आम्हीं विकली. त्यांत अन्याय झाला असें मला आजहि वाटत नाहीं. आमच्या गांवाचें नांव इतिहासांत गंगाजी नाईक अंजूरकरांमुळें, फिरंग्यांच्या हातून प्रांत सोडविण्याच्या खटपटीमुळें, निघतें. तेथेंच मीं जमीन विकावी, असा टोमणा एका आप्तानें मारला. तो मला लागला नाहीं. त्याचीहि जमीन पुढील वर्षीं गेली.

लागलें तें निराळेंच. लॉकनें मालमत्तेची उपपत्ति सांगतांना म्हटलें आहे कीं, निसर्गदत्त वस्तूंत मनुष्य आपले श्रम मिसळतो, म्हणून ती त्याची होते. ढेकळें फोडणाऱ्या मुलांनीं श्रम मिसळले नव्हते काय? पण जमीन अगोदरच दुसऱ्याची असेल तर लॉक त्यांच्या उपयोगी पडत नाहीं. इंग्लंडांतील ग्रामहरितांचा कायदा याहून उदार आहे. गांवकरी एखाद्या जमिनीवर वीस वर्षें खेळत-बागडत आले असतील, आणि तें बळजबरीनें नव्हे, चोरून नव्हे व परवानगीनेंहि नव्हे, तर ती जागा कायमची खेळासाठीं राखली जाऊं शकते. या तिसऱ्या अटीपाशीं मी पुष्कळ वेळ थांबलों. म्हणजे माझे वडील उदासीन असते, शेताकडे त्यांनीं ढुंकूनहि पाहिलें नसतें, तर मुलांचा कांहीं हक्क उभा राहिला असता. ते दर वर्षीं प्रेमानें ‘खेळा’ म्हणाले, म्हणून उभा राहात नाहीं! मालकाचें सौजन्य हेंच पाहुण्याच्या हक्काच्या आड येतें. कायद्याला दुसरा मार्गहि नसावा. नाहीं तर उद्यां कोणीहि कोणास अंगणांत पाऊल टाकूं देणार नाहीं.

प्रेमानें मालकी येत नाहीं, हें मला मान्य आहे. कूपरेजवर मीं कितीहि ओरडा केला असला तरी संघाचे पगार मीं दिले नव्हते. पण मालकी येत नाहीं म्हणून कांहींच येत नाहीं काय? तीस-पस्तीस वर्षें तीं मुलें दर साल आम्हांस विचारावयास येत होतीं. आम्ही त्यांना विचारावयास, निदान सांगावयास, एकदांहि गेलों नाहीं. विकूं नये असें तीं म्हणालीं असतीं तरीहि आम्हीं विकलीच असती. पण तें त्यांच्या तोंडावर म्हणावें लागलें असतें. तेवढें मीं चुकविलें. आणि जें मीं स्वतः दिलें नाहीं तेंच त्या कंपनीकडून मागत मी चहाच्या टेबलाशीं भांडत होतों.

गेल्या माघांत गांवीं गेलों होतों. रविवार असल्यानें गोदाम बंद होतें. लॉऱ्या उभ्या करण्याच्या सिमेंटच्या आवारांत दहा-बारा मुलें खेळत होतीं. गोलाच्या खुणेस दोन्हीकडे चपलांचे ढीग. दारावर पहारेकरी खुर्ची टाकून बसला होता. यांना तुम्हीं परवानगी दिली आहे काय, म्हणून मीं त्यास विचारलें. माझा कांहीं गैरसमज झाला असावा अशा नजरेनें त्यानें माझ्याकडे पाहिलें, आणि रविवारीं आपण त्या बाजूस पाहातच नाहीं असें सांगून खुर्ची रस्त्याकडे फिरवली.