देहाची ठेव आणि वेळेची सबब

देह नाशिवंत, मग त्याचे लाड कशाला, असे पुष्कळ जण कीर्तनानंतर आम्हांस विचारतात. लाड करूच नयेत; सांभाळ मात्र करावा. लाडात आसक्ती असते. सांभाळ परक्याच्या ठेवीचाही करावा लागतो. आळंदी ते पंढरपूर वाट सुमारे २५० किलोमीटर. अकरा महिने गादीवर बसलेला दुकानदार एकदम दिवेघाट चढू लागला, तर पाय कुरकुरणारच. आणि मग त्याचा भार दिंडीतल्या दुसऱ्यावर!

'महाराज, वेळच नाही हो!' शेतात राबणाऱ्याचे सोडा. सवाल बैठ्या कामवाल्यांचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांस आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रम सांगितले, आणि ते थोडे थोडे केले तरी चालतात. म्हणजे रोजची २१-२२ मिनिटे. काकड्यास देवळात पायी जावे, बाजारहाट पायी करावा, मुखी नाम असावे. नामाचे आणि पायांचे भांडण नाही.

मात्र वाग्भटाने व्यायाम अर्ध्या शक्तीपुरताच सांगितला आहे. देहाचाच ध्यास लागला, तर तीही आसक्तीच. ठेव देवाची, तिची निगा राखावी, मिरवू नये. वेळ सापडत नसतो, श्रोतेहो, काढावा लागतो. नामासाठी काढतो तसाच.